तुळशीच्या जागी लिफ्ट

दहा नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळी दहा. रक्कम एकोणीस लाख वीस हजार रुपये. हजर सदस्य बारा: अकरा खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, एक तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत.

बाल्कनीतल्या सदस्याला हजर धरायचं की नाही, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता.

मी गोव्यात डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या नऊ हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब आणि कागदपत्रं सांभाळते. सभेची नोटीस काढणं, इतिवृत्त लिहिणं, ऑडिटला फायली नेणं, हे सगळं ठरलेल्या फीवर. चोपड्याकडच्या माझ्या एका सोसायटीतले बहुतेक मालक दिल्लीचे. त्यांची सभा व्हिडिओ कॉलवर होते आणि वीस मिनिटांत संपते. डिचोलीतल्या या सोसायटीची सभा वीस मिनिटांत सुरूही होत नाही. आधी चहा येतो, मग कोणाच्या तरी मुलीचं लग्न ठरल्याची बातमी येते, मग विषय क्रमांक एक.

इमारत तळमजला अधिक तीन मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. खाणी जोरात असताना बांधलेली. तेव्हा फ्लॅट घेणारे सगळे चाळिशीच्या आतले होते. ट्रकमालक, शिक्षक, खाण कंपनीतले कारकून. तीन मजले चढायचे म्हणजे काय, हे कोणी विचारलंच नाही. आता खाणींची ती धावपळ राहिली नाही आणि माणसं सत्तरीकडे आली. मजले मात्र तीनच्या तीन आहेत.

बाल्कनीतल्या सदस्य म्हणजे कुमुदबाई. मराठी प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या. डिचोलीत सगळे त्यांना नुसतंच ‘बाई’ म्हणतात. दोन्ही गुडघे गेलेले, आणि हृदयाचा त्रास असल्यामुळे डॉक्टर ऑपरेशनला हात लावायला तयार नाहीत. आदल्या वर्षीच्या चतुर्थीनंतर त्या खाली उतरल्याच नव्हत्या. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की त्या दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. औषधं, भाजी, वर्तमानपत्र, सगळं त्याच टोपलीतून वर जायचं.

त्या दिवशी सोसायटीचं हजेरी रजिस्टरही त्याच टोपलीतून वर गेलं आणि सही होऊन खाली आलं. सभेतलं बोलणं त्यांना ऐकू येत होतं आणि त्यांचं आम्हाला. मी त्यांना हजर धरलं. कोणी तक्रार केली असती तर उत्तर तयार होतं. कोणी केली नाही, कारण खाली बसलेल्या अकरांपैकी चौघांना त्यांनी पाढे शिकवले होते.

विषय एकच होता, लिफ्ट. इमारतीच्या बाहेरून लोखंडी सांगाडा उभा करून लिफ्ट बसवता येते. कंपनीचं कोटेशन आलं होतं एकोणीस लाख वीस हजारांचं, एकतीस डिसेंबरपर्यंत वैध. सेक्रेटरी नीलेश बँकेत नोकरीला आहे, हिशेब त्याने नीट मांडला. सोसायटीच्या सिंकिंग फंडात सात लाख वीस हजार होते. सिंकिंग फंड म्हणजे मोठ्या बांधकामासाठी वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेले पैसे; नेहमीच्या झाडलोटीला आणि दिव्यांच्या बिलाला त्यांना हात लावता येत नाही. ते सगळे लिफ्टला द्यायचे. उरलेले बारा लाख वरच्या बारा फ्लॅटनी एकेक लाख भरून द्यायचे. तळमजल्याच्या चार फ्लॅटना नवीन काही भरायचं नाही, दरमहाचा लिफ्टचा देखभाल खर्चसुद्धा नाही.

मला हे न्याय्य वाटलं. तळमजल्याच्या बाबनीला वाटलं नाही.

बाबनी अडुसष्ट वर्षांचा. खाणीच्या काळात त्याचे खनिज वाहणारे दोन टिप्पर होते. आता एक जुनी जीप उरली होती. ती आवारात पूर्वेच्या कोपऱ्यात उभी असायची, वर ताडपत्री, चाकांत हवा नाही. कोपरा सोसायटीच्या सामायिक जागेतला. त्याबद्दल मी दोन वेळा पत्र दिलं होतं. दोन्ही वेळा त्याने मला चहा पाजला आणि पत्र परत दिलं.

“माका लिफ्ट कित्याक?” मला लिफ्ट कशाला, असं म्हणत बाबनी उभा राहिला. “हांव जमनीर रवतां. लिफ्टीन खंय वचूं, पाताळांत?”

सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, “नीलेश, त्या सात लाख वीस हजारांत माझे किती?”

“पंचेचाळीस हजार.”

“ते कोणाला विचारून घालतोस?”

“म्हणून तर सभा आहे, बाबनीकाका.”

“आनी तुळस खंय वतली?”

तुळस कुठे जाणार, यावर कोणी हसलं नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या गोवेकराला अंगण नसतं. अंगण नाही म्हणजे तुळशीवृंदावन नाही. म्हणून आमच्याकडे जुन्या इमारतींच्या आवारात सगळ्यांची मिळून एक तुळस असते. या इमारतीची तुळस जिन्याला लागून होती. इमारत झाली त्या वर्षी कुमुदबाईंनी स्वतः लावलेली. पाय चालत होते तोवर रोज संध्याकाळी दिवा त्याच लावायच्या. नंतर ते काम बाबनीकडे आलं; एरवी ते त्याच्या बायकोने केलं असतं, पण ती लवकर वारली. तो रोज आंघोळ करून पाणी घालायचा, संध्याकाळी दिवा लावायचा, आणि आजवर एकही दिवस चुकला नाही हे सांगायलाही चुकायचा नाही.

लिफ्टचा सांगाडा नेमका तिथेच उभा राहणार होता. मागच्या बाजूला सेप्टिक टँक, एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचे मीटर. कंपनीच्या इंजिनिअरने तीनदा मोजून तीनदा तुळशीवरच बोट ठेवलं होतं.

मतदान घेतलं. हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांची गरज होती, म्हणजे आठ. बाजूने नऊ, विरोधात दोन. मी वर बघितलं.

“बाई, तुमचं मत?”

“मी तटस्थ.”

“बाई! लिफ्ट तुमच्यासाठीच तर—” नीलेश म्हणाला.

“म्हणूनच तटस्थ. माझ्या गुडघ्यांसाठी तुळस काढायची? आधी देवीला विचारा. ती हो म्हणाली तर मला चालेल. नाही म्हणाली तर मी बेळगावला जाते, विषय संपला.”

बेळगावचं बोलणं नुसतं बोलणं नव्हतं. त्यांची मुलगी सुजाता तिथे असते. आई इथे एकटी, तिसऱ्या मजल्यावर, म्हणून सुजाताला बेळगावात झोप लागत नव्हती. तिने स्पष्ट सांगितलं होतं: वर्षअखेरपर्यंत लिफ्टचं काही ठरलं नाही तर फ्लॅट विकायचा आणि आईने बेळगावला यायचं. ब्रोकर एकदा फ्लॅट बघूनही गेला होता. तो गेल्यावर बाईंनी मला फोन केला होता. “बेळगाव चांगलं आहे गो नीता,” त्या म्हणाल्या होत्या. “पण तिथे मला बाई कोण म्हणणार?”

म्हणजे कायद्याने ठराव मंजूर झाला होता, आणि ज्यांच्यासाठी झाला त्यांनीच तो अडवला होता.

आमच्याकडे देवीला विचारणं म्हणजे प्रसाद घेणं. परगावच्या वाचकांसाठी सांगते. देवळात गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो. आपण प्रश्न सांगायचा. गुरव गाऱ्हाणं घालून तो देवीपुढे मांडतो. मग वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, विहीर, आजारपण, लोक सगळं विचारतात. माझा देवीवर विश्वास आहे. पण मी ताळेबंद पाकळीवर जुळवत नाही. म्हणून इतिवृत्तात मी फक्त ठराव लिहिला, प्रसादाचा उल्लेख केला नाही.

तुळशीचं लग्न तीन दिवसांवर आलं होतं. त्याआधी तुळशीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. लग्न थाटात झालं. ऊस, चिंचेची आणि आवळ्याची फांदी, नवरदेव म्हणून दिंड्याची काठी. पोहे वाटले. बाईंचे पोहे टोपलीतून वर गेले. मंगलाष्टकं त्यांनी बाल्कनीतूनच म्हटली, आणि खालच्या भटजींपेक्षा त्यांचा आवाज मोठा होता.

लग्न झाल्यावर देवळात कोण जाणार, हे ठरवायला समिती बसली. मी त्या बैठकीत नव्हते. असते तरी लक्षात आलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी विचार केला, रोज तुळशीला पाणी कोण घालतो? बाबनी. मग विचारायचा मानही बाबनीचाच. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मानाची गोष्ट आली की आमच्याकडची माणसं बाकीचा विचार तिथेच थांबवतात. लिफ्टला विरोध करणारा माणूस लिफ्टचा प्रश्न घेऊन देवीपुढे उभा राहिला.

डावी पाकळी पडली.

बातमी अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावर पोचली. बाईंनी सुजाताला फोन करून सांगितलं, ये.

मी दुसऱ्या दिवशी लाटंबार्शाच्या माझ्या घरून स्कूटरने डिचोलीला गेले तेव्हा आवारात सामसूम होती. नीलेश म्हणाला, “मॅडम, आता काय करायचं? ठराव रद्द करायचा का?”

“ठराव रद्द करायला पुन्हा खास सभा लागेल, चौदा दिवसांची नोटीस लागेल. आणि कारण काय लिहू? पाकळी?”

“मग काम सुरू करू?”

“कायद्याने करू शकतोस.”

पण कुदळ मारणार कोण? तळमजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये संभाजी आणि दत्तू नावाचे दोन भाऊ भाड्याने राहतात. मूळ कोल्हापूरकडचे, औद्योगिक वसाहतीत नोकरी, सुटीच्या दिवशी गवंडीकाम. तुळशीचा ओटा फोडायचं काम त्यांना द्यायचं ठरलं होतं. संभाजीने कानाला हात लावले. “न्हाई ओ ताई. गावची देवी न्हाई म्हनली म्हंजे न्हाई. आमी परगावची मानसं, आमाला इथं ऱ्हायाचं हाय.”

मी बाबनीकडे गेले. तो तुळशीला पाणी घालत होता. वाटलं होतं त्याच्या चेहऱ्यावर विजय दिसेल. तसं काही नव्हतं.

“तुम्ही देवीला विचारलं काय, ते मला शब्दाला शब्द सांगा,” मी म्हटलं.

“कित्याक?”

“माझं कामच ते. कोणी काय लिहिलं, काय बोललं, शब्दाला शब्द.”

त्याने तांब्या खाली ठेवला, हात जोडले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हटलं, “आई, आमी तुळस काडून थंय लिफ्ट घालतांव. तुका मान्य आसा?”

“काढून?”

“काडून.”

“काढून कुठे ठेवणार, ते सांगितलंत?”

“तें कोणें सांगिल्लेंच ना.”

मी कपाळाला हात लावला. ठराव लिहिण्याचा पहिला नियम आहे, एका ठरावात एकच विषय. दोन विषय एकात कोंबले की निबंधकाच्या कार्यालयातून कागद परत येतो, कारण सदस्यांनी नेमकं कशाला हो म्हटलं ते कळत नाही. इथे तुळस आणि लिफ्ट एकाच वाक्यात होती. शिवाय काढणं वेगळं आणि हलवणं वेगळं. पाडायची परवानगी मागताना बदली जागा दाखवली नाही तर नगरपालिकासुद्धा नाही म्हणते. देवीने नाही म्हटलं तर तिचं काय चुकलं?

हे मी गुरवाला जाऊन सांगितलं. गुरव म्हातारा, पण नजर तेज. पायरीवर बसून फुलं निवडत होता.

“एकदां जाप दिल्यार देवी परतून सांगना,” तो म्हणाला. एकदा उत्तर दिलं की दिलं.

“बरोबर. पण प्रश्न एक नव्हता, दोन होते. आणि दोन्ही अर्धवट होते. अर्धवट प्रश्नाला दिलेलं उत्तर पुऱ्या प्रश्नाला लागू होतं का?”

त्याने माझ्याकडे वर बघितलं. “बाये, तूं वकील गो?”

“नाही. हिशेब लिहिते.”

“म्हणजे वकिलापेक्षा वायट.” तो हसला आणि पुन्हा फुलांकडे वळला. थोड्या वेळाने म्हणाला, “लिफ्ट कोणाक जाय?”

“कुमुदबाईंना.”

“आनी विचारपाक कोण आयलो? बाबनी. ताका लिफ्ट नाका.” त्याने एक किडकं फूल बाजूला टाकलं. “जिची गरज, तिणें येवंक जाय.”

हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. अर्ज ज्याचा, सही त्याची. रोज दहा जणांना मी हेच सांगते.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. सुजाता दोन दिवसांत येणार होती. बाईंनी कपाटातल्या साड्या काढून पलंगावर रचायला सुरुवात केली होती. गुरवाचं म्हणणं सांगितलं.

“मी यायचं देवळात?” बाई म्हणाल्या. “मला खाली उतरता आलं असतं तर लिफ्ट कशाला लागली असती गो?”

“खुर्चीवर बसवून उतरवू.”

“अजिबात नाही. चार जणांनी उचलून न्यायचं ते एकदाच, शेवटी. त्याआधी नको.” हे त्या वर्षभर सगळ्यांना सांगत आल्या होत्या. पण या वेळी त्या पलंगाच्या कडेला बसल्या, हातातली साडी पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातली, आणि म्हणाल्या, “तुळशीचा प्रश्न आहे म्हणतेस?”

“तुळशीचाच आहे.”

“खुर्ची मजबूत बघा. नीलेशला खुर्च्यांतलं काही कळत नाही.”

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी बाईंना उतरवलं. खुर्ची सुजाताने दुकानातून नवी आणली होती, हातांची. बाईंनी नेसलेली साडी मला ओळखू आली. त्या निवृत्त झाल्या त्या समारंभातली. एका बाजूला संभाजी आणि दत्तू, दुसऱ्या बाजूला पुढे नीलेश. चौथा कोपरा रिकामा होता. दुसऱ्या मजल्यावरचा जो येणार होता त्याची पाठ त्याच सकाळी धरली होती.

“सरक,” असं म्हणून बाबनीने चौथा कोपरा धरला.

“काका, तुम्ही नको,” नीलेश म्हणाला.

“टिप्पर ओढलेत मी. एका बाईंचं काय ते वजन!”

“बाबनी,” बाई खुर्चीतून म्हणाल्या, “टिप्पर तू ओढत नव्हतास. तो तुला ओढत होता.”

तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येईपर्यंत तो बोलत होता. दुसऱ्याच्या वळणावर गप्प झाला. जिना अरुंद, खुर्ची तिरकी करावी लागत होती आणि तिरकी केली की सगळं वजन त्याच्या कोपऱ्यावर यायचं. संभाजी म्हणत होता, “सावकाश, काका. घाई न्हाई. बाई, घट धरा.” बाईंनी डोळे मिटून घेतले होते. हातांच्या शिरा वर आल्या होत्या. पहिल्या मजल्यावर खुर्ची टेकवली तेव्हा बाबनी पायरीवर बसला. शर्ट भिजलेला, तोंड उघडं.

“बाबनी, वजन माझं जास्त की तुझं?” बाईंनी विचारलं.

तो जिन्याकडे बघत होता, वर जाणाऱ्या. तीस वर्षांत तो या जिन्याने किती वेळा वर गेला असेल? चतुर्थीचं वर्गणी पुस्तक घेऊन, बस. मग म्हणाला, “बाई, हें तुमी रोज चडतालीं?”

“रोज. पिशवी घेऊन. आणि कधी कधी तुझ्या मुलाच्या गणिताच्या वह्या घेऊन.”

तो उठला आणि पुन्हा खुर्ची धरली.

खाली गाडी उभी होती. पण बाई म्हणाल्या, आधी तुळशीजवळ. आम्ही खुर्ची तिथे ठेवली. बाईंनी हात जोडले नाहीत. पुढे वाकून तुळशीची पानं बोटांत धरली, उलटी केली. खोड बघितलं. मग मान वर करून शेजारच्या बाजूला बघितलं. तिथे मागच्या दोन वर्षांत चार मजली इमारत उभी राहिली आहे. आम्ही सगळे रोज त्या इमारतीकडे बघतो. तिची सावली कुठे पडते, ते कोणी बघितलं नव्हतं.

“बाबनी, हिला ऊन कधी लागतं?”

“दनपारां, इल्लें...” दुपारी, थोडंसं.

“सकाळी?”

बाबनीने शेजारच्या इमारतीकडे बघितलं.

“ही अशी लांबोडी का झाली, ते कळलं. पानं केवढी केवढीशी बघ. पाणी तू भरपूर घालतोस रे. पण नुसत्या पाण्यावर तुळस जगत नाही.”

“हांव परत परत नवी रोपां हाडून लायतां,” तो हळू आवाजात म्हणाला. “कित्याक जगनात तें कळना जालें.”

बाईंनी आवारभर नजर फिरवली. सकाळचे साडेनऊ झाले असतील. सगळ्या आवारात ऊन एकाच ठिकाणी पडलं होतं: पूर्वेच्या कोपऱ्यात, ताडपत्री घातलेल्या जीपवर. बाईंनी जीपकडे नीट बघून घेतलं, मग म्हणाल्या, “चला देवळात.”

मी आदल्या दिवशी प्रश्न लिहून ठेवला होता, मुद्देसूद, दोन भागांत. तुळशीचं स्थलांतर हा भाग पहिला, लिफ्ट हा भाग दुसरा. गाडीत मी तो बाईंना दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत दिला. “छान लिहिलंयस. ठेव फाइलला.”

देवळाच्या पायऱ्यांवरून खुर्ची त्याच चौघांनी वर नेली. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं आणि बाईंकडे बघून थांबला. बाईंनी खुर्चीतूनच, वर्गात बोलायच्या तशा स्पष्ट आवाजात विचारलं, “आई, आवारातल्या तुळशीला ऊन मिळत नाही. ती पूर्वेच्या कोपऱ्यात न्यावी का? बाबनीची जीप आहे तिथे?”

बाबनीने दचकून बाईंकडे बघितलं. मग देवीकडे. मग परत बाईंकडे.

बाकी सगळे पाकळ्यांकडे बघत होते. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल गेली. डावी पाकळी थोडी सरकली आणि थांबली. माझ्या शेजारी संभाजी ओठांतल्या ओठांत कोणाचा तरी धावा करत होता, बहुतेक त्यांच्या गावच्या देवाचा.

उजवी पडली.

गुरवाने घंटा वाजवली. बाबनीने हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. जीपची आठवण करत होता की आणखी कशाची, मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “बाई, लिफ्टचं विचारायचं राहिलं.”

“राहिलं नाही. विचारलंच नाही.”

“का?”

“लिफ्टचा ठराव सभेने केलाय ना? नऊ विरुद्ध दोन? मग तो देवीला कशाला दाखवायचा? तिला दुसरी कामं नाहीत?” बाईंनी पदर सारखा केला. “तुळस तिची. ती कुठे असावी, ते तिला विचारलं. लिफ्ट तुमची. मला आधी नीट सुचलं नाही, म्हणून मी दोन्ही एकत्र केली. चूक माझीच होती.”

मी इतकी वर्षं विषयपत्रिका लिहिते आहे. एवढी स्वच्छ विषयपत्रिका मी एकदाही लिहिलेली नाही.

पुढचं काम सरळ झालं. कोटेशन वैध असतानाच कंपनीला ऑर्डर आणि आगाऊ रक्कम गेली. सुजाताने ब्रोकरला फोन करून नाही सांगितलं. तो फोन तिने बाईंच्या समोर केला, स्पीकरवर. पालिकेचा परवाना यायला वेळ लागला, तो लागतोच. लिफ्ट पुढच्या मे महिन्यात सुरू झाली. उद्घाटनाला बाई एकट्या खाली आल्या. दार उघडलं तेव्हा हातात तेलाची बाटली आणि वात होती. सरळ पूर्वेच्या कोपऱ्यात गेल्या, काठी टेकत. दिवा लावला. मग मागे उभ्या असलेल्या बाबनीला म्हणाल्या, “सकाळचं पाणी तुझं, संध्याकाळचा दिवा माझा. मंजूर?”

“मंजूर,” बाबनी म्हणाला. हा ठराव एकमताने झाला. त्याची नोंद मी केलेली नाही.

या सगळ्यातून मी एवढंच शिकले की प्रश्न ज्याच्या अखत्यारीतला असेल त्यालाच विचारावा, आणि ज्याला त्याचं उत्तर हवं आहे त्यानेच विचारावा. सहकार कायद्यात हे आहेच. देवळातही आहे, हे माहीत नव्हतं.

आता शेवटचा हिशेब. लिफ्ट कंपनीला एकूण दिले एकोणीस लाख त्रेचाळीस हजार सहाशे. अंदाजापेक्षा तेवीस हजार सहाशे जास्त, कारण खड्डा खणताना चिऱ्याचा कठीण दगड लागला. ती जास्तीची रक्कम दुरुस्ती निधीतून, सभेच्या मंजुरीने. गुरवाला दक्षिणा पाचशे एक, ती बाईंनी स्वतः दिली. सोसायटीच्या खात्यात नाही.

नव्या वृंदावनाचा खर्च सेहेचाळीस हजार पाचशे. संभाजी आणि दत्तूने बांधलं, चिऱ्याचं, वर पांढरी फरशी. ती रक्कम मी कोणत्या खात्यात घालावी या विचारात होते. तेवढ्यात कळलं की बाबनीने जीप पंचावन्न हजारांना विकली आणि दोघा भावांना रोख पैसे देऊन टाकले. सिंकिंग फंडातले आपले पंचेचाळीस हजार लिफ्टला जाऊ नयेत म्हणून भांडलेला माणूस. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला आणि तीनशे पन्नास रुपये ठेवले. वरच्या फ्लॅटना लिफ्टच्या देखभालीचे महिन्याला तेवढेच पडतात.

“तळमजल्याला माफ आहे, काका,” मी म्हटलं. “ठरावात आहे.”

“माका खबर आसा. पण हांव रोज सांजचो बाईंगेर च्याक वतां. लिफ्टीन वतां.” त्याने नोटा पुढे सरकवल्या. “फुकट कित्याक? पावती दी.”

मी पावती दिली. तीनशे पन्नास रुपये, स्वेच्छेने, तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जाण्यासाठी, सोसायटीकडे जमा.